आड की आजार

पिंपळगाव राजात अशी वदंता होती की युसूफभाई भोंगेवाल्याच्या मुबीनानं पुण्यात एक तारा विझवला, आणि म्हणून तिला घरी पाठवून दिलं.

वदंता आमच्या गावात एकाच कपड्यात कधी फिरत नाही. किसनराव ती सांगायचे तेव्हा मधे पिचकारीपुरती जागा ठेवून सांगायचे: "सरकारी तारा होता म्हन्ते. थू. हिनं कोनतं बटन दाबलं, तिलेच मालूम." गोजरबाईंच्या तोंडी तीच गोष्ट पदराला डोळे पुसत यायची. त्यांच्या मते पोरीनं जास्त वेळ चालू ठेवला न् तो मिक्सरसारखा जळाला. रंगराव जन्मभर वीज मंडळात लाइनमन, त्यामुळे त्यांनी त्यात फ्यूज घातला. लोड वाढला असन, आपन पयलेच म्हनलं होतं, असं ते हनुवटी वर करून सांगायचे, आणि कुणाला म्हटलं होतं ते विचारायची सोय ठेवायचे नाहीत.

खरं सांगायचं तर मुबीनानं काहीच विझवलं नव्हतं. ज्या उजेडाची ही गोष्ट, तो तिथून निघाला तेव्हा पिंपळगाव नव्हतं, लोणारचा खड्डा नव्हता, आणि आपण ज्याच्यावर उभे आहोत तो काळा दगडसुद्धा अजून पातळ होऊन जमिनीतून वर यायचा होता. इतक्या लांबचा दिवा बटणानं विझत नाही. तिला कुणी घरीही पाठवलं नव्हतं. मे महिना होता, लग्नसराई होती, आणि तिच्या हातात वाट पाहण्यापलीकडं काम उरलं नव्हतं. वाट काय, पुण्यात पाहिली तरी तेवढीच लांब. इथं निदान अम्मीच्या हातचं जेवण होतं.

पण ती खुशीनं आली नव्हती, एवढं गावानं बरोबर ओळखलं होतं.

युसूफभाईंचा धंदा म्हणजे 'नूर साउंड सर्व्हिस'. नाव बायकोचं, नूरजहांबींचं. आणि त्या इतक्या हळू बोलतात की समोरचा आपोआप खाली वाकतो. तालुक्यातल्या बाकीच्यांनी डीजे घेतले, युसूफभाईंनी भोंगे सोडले नाहीत. डीजे छातीत वाजतो, भोंगा गावात वाजतो, असं त्यांचं म्हणणं. घरात ते आपल्या उर्दूकडं झुकलेल्या बोलीत बोलतात, पण मशीनला हात लावला की वऱ्हाडी सुरू. त्यांचं टेस्टिंग अख्ख्या तालुक्यात ओळखू येतं. घशातून खडखड करत वर येणारं "हल्लो... हल्लो... वन, टू... वन, टू..." थ्री ते कधीच म्हणत नाहीत. थ्री म्हटलं की लोकांना वाटतं कार्यक्रम सुरू झाला, आणि ते पंगतीकडं धावतात. एकदा झालं होतं म्हणे तसं.

मुबीना फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून तिचं काम ठरलेलं. अब्बा मशीनपाशी, ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आवाज बिघडला की काय बिघडलं ते तिथून सांगायचं, आणि भोंगा चालू असताना ओरडून उपयोग नाही म्हणून हातानं सांगायचं. खुणा दोनच. तळहात तोंडासमोर उभा धरला तर 'आड'. तळहात छातीवर ठेवला तर 'आजार'.

आजार म्हणजे बिघाड मशीनच्या पोटात. बॅटरी उतरली, तार सुटली, की सगळेच आवाज सारखे बसतात, बारीक आणि जाड दोन्ही. आड म्हणजे मशीन ठणठणीत, पण भोंग्यासमोर काही तरी उभं. कडब्याची गंजी, वऱ्हाडाची गाडी, नाहीतर नवरदेवाचे मित्र. मग आधी मरतो तो बारीक आवाज. सनईचं टोक जातं, बोलणाऱ्याचा 'स' आणि 'च' जातो, ढोलाचं पोट मात्र येत राहतं. आणि आड हळूहळू सरकली की आवाज परततो तोही ओळीनं, पहिले जाड, मागून बारीक. दुरुस्त झालेलं मशीन तसं करत नाही, ते सगळा आवाज एकदम घेऊन उठतं. मुबीनाचा कान या कामात असा तयार झाला की खुणेला हात वर जायच्या आधी अब्बा तिच्या चेहऱ्यावरूनच समजायचे.

पुढं ती खामगावला शिकली, संभाजीनगरला शिकली, आणि पुण्यात पीएच.डी.ला लागली. तिथं पहिल्याच वर्षी वर्गात तिला एकटीला हसू फुटलं होतं. सर सांगत होते की काही आकाशगंगांच्या पोटात मोठं कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू पडायच्या आधी भयंकर तापतो, आणि तिथून एक्स-रे निघतात. दवाखान्यातले असतात तेच, फक्त समोर कुणी श्वास धरून उभं नसतं. हवा त्यांना खाली येऊ देत नाही, म्हणून ते पाहणारी दुर्बीण वर, अवकाशात फिरती ठेवावी लागते. आणि त्या कृष्णविवराभोवती वायूचे ढग घिरट्या घालतात. एखादा ढग आपल्या नजरेच्या रेषेत आला की हलके एक्स-रे तो गिळतो, दमदार एक्स-रे त्यातून पार होतात. ढग दाट झाला, विरळ झाला, की गिळणंही बदलतं.

सरांनी हसायचं कारण विचारलं. मुबीना म्हणाली, सर, हे आमच्या घरी आहे.

तेव्हापासून ती याच कामाला लागली, आणि एक आकाशगंगा तिनं आपली म्हणून धरली. तिचं केंद्र वर्षानुवर्षं छान उजळ होतं. मग एके दिवशी पाहिलं तर अंधार. मुबीनानं धीटपणे लिहून टाकलं की केंद्र शाबूत आहे, समोर दाट ढग आलाय, तो जाईल. एका परिषदेत तिनं हे मांडलं तेव्हा तिच्याच विषयातले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ उठले आणि फार मायेनं म्हणाले की बेटा, मला वाटतं केंद्रच मंदावलंय, त्याला खायला मिळेनासं झालंय. रागानं म्हणाले असते तर तिला सोपं गेलं असतं.

घोळ असा होता की या वेळची आड, असली तर, फारच जाड होती. हलकं गेलंच, दमदारही गेलं. दुर्बिणीला येत होता तो नुसता घुमारा, म्हणजे केंद्राचा उजेड लांबच्या वायूच्या कड्यावर आपटून वळून आलेला. शाळेच्या भिंतीवरून आवाज फिरून येतो तसा. आणि घुमारा दोन्हीकडून साक्ष देतो. भोंगा झाकला तरी येतो, भोंगा बंद पडला तरी थोडा वेळ येतच राहतो. त्यानंतर दुर्बिणीनं आणखी एकदा पाहिलं. अंधार तसाच.

आता शेवटची एक खेप मिळाली होती, मे महिन्यातली. त्यानंतर सूर्य आभाळाच्या त्या बाजूला येणार, दुर्बिणीला तिकडं तोंड करता येणार नाही, आणि ती बाजू पुन्हा मोकळी होईपर्यंत मुबीनाची शिष्यवृत्ती संपलेली असणार. प्रबंध त्या एका शब्दावर उभा होता. आड ठरली तर तो उभा राहील, आजार ठरला तर तिला तोंड मिटून घरी यावं लागेल, आणि मग किसनराव जे बोलतात ते खरंच झाल्यासारखं होईल. तिला स्वतःला त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ज्या कानाच्या भरवशावर ती इथवर आली, तोच खोटा निघाला तर पुढं कशावर टेकायचं?

घरी येऊन आठवडाभर ती गप्प होती. नूरजहांबींनी विचारून पाहिलं, तेही इतक्या हळू की तिला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं. शेवटी युसूफभाईंनीच विषय काढला. म्हणाले, तुझं ते काय बंद पडलं ते मले ऐकव.

ऐकवण्याजोगं काही नसतं अब्बा, ते बोलत नाही, असं ती सांगू शकली असती. पण तिनं ते केलं नाही. दुर्बिणीच्या आकड्यांना तिनं स्वर लावले, दमदार एक्स-रेला जाड, हलक्याला बारीक, आणि मशीनवर वाजवलं. आधी उजळ काळातला आवाज, भरदार, टोकापर्यंत चढणारा. मग अंधारातला. युसूफभाई डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला, आणि मग तळहात छातीवर ठेवला.

"मशीनच बंद हाय बेटा हे. सामनेच्या भिंतीचा घुमारा येऊन राह्यला नुसता."

मुबीना म्हणाली की मशीन बंद असतं तर घुमारा विरायला पाहिजे होता, आणि हा दोन्ही खेपांना तेवढाच आहे. युसूफभाईंनी विचार केला. मंग भिंत लय लांब असन, घुमारा उशिरापर्यंत येत राहीन, म्हणाले. परिषदेतल्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनी दुसऱ्या खेपेनंतर तिला नेमकं हेच कळवलं होतं, फक्त इंग्रजीत.

त्या दिवशी ती जेवली नाही. अब्बांनी तिचं मन राखायला आड म्हटलं असतं तर तिला ते लगेच कळलं असतं, आणि त्यांनी तसं केलं नाही याचा तिला अभिमानही वाटत होता आणि रडूही येत होतं.

याच सुमारास, भोंगे पुसायला म्हणून मी तिथं घुटमळत असताना, आमची पैज लागली. मी म्हटलं, खुद्द युसूफचाचांनी छातीवर हात ठेवला, विझलाच तो. तेही मी किसनरावांच्या आवाजात म्हटलं, पिचकारीसकट; चारचौघांत मी बोलतो ते गावातल्या कुणाच्या ना कुणाच्या आवाजातच. मुबीनाआपा म्हणाली, आजार निघाला तर ती सहदेवच्या लग्नात माइकवर गोजरबाईंच्या आवाजात सूचना देईल. आणि आड निघाली तर सगळ्या सूचना मी द्यायच्या, त्याही माझ्या स्वतःच्या आवाजात. एकाचीही नक्कल नाही. मला ही शिक्षाच वाटली नाही. मी हो म्हटलं.

सहदेव म्हणजे किसनरावांचा धाकटा. लग्न शाळेच्या मैदानात, दुपारचं. जयंती असो की लग्न, किसनरावांच्या घरचा भोंगा युसूफभाईंचाच, त्यात वाटाघाट नसते. आणि नेमक्या त्याच सकाळी पुण्याहून आकडे आले.

मुबीना सामानाच्या गाडीत मागं बसली, लॅपटॉपची वायर जनरेटरला लावली, आणि मांडव उभा राहीपर्यंत मान वर केली नाही. गोजरबाई दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही थंड झाले. शेवटी पडद्यावर आलेख उभा राहिला. हलक्याकडची बाजू जमिनीला चिकटलेली. दमदारकडची बाजू मात्र उचलली होती, आणि थोडीथोडकी नाही, चांगली उचलली होती.

जाड आधी परतला होता.

तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, हे तिनं पुण्यात इतरांना सुनावलेलं वाक्य. म्हणून तिनं एक केलं. त्या आकड्यांना तेच जुने स्वर लावले, पेन ड्राइव्हमध्ये भरले, आणि अब्बांची टेस्टिंगची सनई असायची त्या जागी तो पेन ड्राइव्ह खोचला. कुणाला काही सांगितलं नाही.

आज जागा उलटल्या होत्या. मशीनपाशी ती, आणि लांब लिंबाखाली युसूफभाई. तिनं आवाज सोडला. मैदानभर एक जाड, पोटातून घुमणारा सूर पसरला. बैलं कान हलवायला लागली. किसनराव म्हणाले की ही कोनती नवीन सनई.

युसूफभाईंनी मान कलती केली. मग त्यांचा हात उठला, आणि तळहात तोंडासमोर उभा राहिला.

आड.

खूण करून ते थांबले नाहीत. आड आहे म्हणजे समोर काही तरी आहे, आणि ते सरकवणं हा त्यांचा धर्म. त्यांनी लिंबाखालूनच हातवारे करून वऱ्हाडाचा टेम्पो दाखवला. टेम्पोचा ड्रायव्हर झोपलेला, म्हणून खुद्द सहदेवनं, नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांत, टेम्पो मागं घेतला. तळहात तोंडासमोर तसाच. मग पाण्याच्या टाकीचा नंबर लागला. ती अर्धी भरलेली, चौघांनी ढकलली, रंगरावांनी ढकलायच्या पद्धतीवर भाषण केलं. तळहात तसाच. मग नवरा-नवरीच्या फोटोचा फ्लेक्स काढला. मग बायकांच्या खुर्च्यांची आख्खी रांग उठवली. गोजरबाई उठता उठता म्हणाल्या की चाळीस वर्सात आपल्या आंगातून आवाज अडला नव्हता कधी.

समोर आता उघडं मैदान होतं, आणि युसूफभाई हट्टानं तोंडासमोर हात धरून उभे होते.

मुबीनानं तोंड ओढणीत घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. गोजरबाईंना वेगळं वाटलं. त्यांनी खुर्ची तिथंच टाकली, येऊन तिला छातीशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको माय. दुसरा तारा भेटन."

तेवढ्यात युसूफभाई स्वतः चालत आले, घामाघूम. म्हणाले, समजून नाई राह्यलं, सामने तर काहीच नाई, आन् आड तर हाय.

"हाय अब्बा," मुबीना म्हणाली. "लय लांब हाय."

युसूफभाईंनी पेन ड्राइव्हकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मशीनवर हात टेकून त्यांनी तो आवाज पुन्हा पहिल्यापासून ऐकला. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचे स्नायू एकेक करून सैल झाले, कुणी आतून दोरी सोडावी तसे. म्हणाले, मंग त्या दिवशी मी छातीवर हात ठेवला, ते चुकलंच. तिनं सांगितलं की त्या दिवशी आड इतकी जाड होती की कुणालाच कळलं नसतं, तिलाही कळलं नव्हतं, तिनं फक्त धरून ठेवलं होतं. केंद्र विझून पुन्हा पेटलं असतं तर बारीक-जाड एकदम उठलं असतं. हा तर ओळीनं येतोय.

"पुढच्या खेपेले बारीक येईन," युसूफभाई म्हणाले.

आणि त्यांनी माइक उचलला. हल्लो, म्हणाले. हल्लो... वन... टू... आणि जरा थांबून, अगदी निवांत आवाजात, थ्री.

पुढं काय झालं ते सांगायला नको. अख्खं वऱ्हाड पंगतीकडं उठलं. लग्न लागायचं होतं, भात कच्चा होता, आणि किसनराव दोन्ही हात पसरून लोकांना अडवत होते. पण युसूफभाईंना कुणी काही बोललं नाही, कारण ते मशीनपाशी बसून चहा पीत होते, तोही मुबीनाचा थंड झालेला, आणि इतक्या सुखी माणसाला मधेच उठवणं बरं दिसत नाही.

मुबीनानं गाडीच्या कडेला उभं राहून पुण्याला फोन केला. तिचे सर तिकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ते फार लांबलचक बोलले, आणि ती नुसती हाव, हाव करत होती. सरांशी ती एरवी शुद्ध बोलते. मग ती पंगतीत जाऊन बसली आणि आठवडाभराचं जेवली. प्रबंध उभा राहिला. सूर्य बाजूला झाल्यावर दुर्बिणीनं पुन्हा पाहिलं तेव्हा बारीकही परतायला लागला होता, अब्बांनी म्हटलं होतं तसा. परिषदेतल्या ज्येष्ठांनी तिला तितक्याच मायेनं लिहिलं की आपण हरलो आणि आपल्याला त्याचा आनंद आहे. गावात आता वदंता अशी आहे की मुबीनानं विझवलेला तारा युसूफभाईंनी मशीन लावून चालू केला. रंगरावांच्या मते त्यांनी फ्यूज बदलला.

पण पैज सहदेवच्या लग्नातच फेडायची होती. मुबीनाआपानं माझ्या हातात माइक दिला आणि मशीनचं बटन स्वतः दाबलं. किसनराव नाही, गोजरबाई नाही, रंगराव नाही, चाचांची खडखडसुद्धा नाही. मी घसा साफ केला आणि मंडळींना विनंती केली की वधू-वर मंचावर येत आहेत, तरी सर्वांनी आपापल्या जागी बसावं.

कुणी बसलं नाही. सगळे माना वळवून भोंग्याकडं पाहत होते.

"हे कोन बे?" गोजरबाईंनी विचारलं. "आपल्यातलं नाई वाटत."